दुसऱ्याच्या मापाने मोजलेला विद्यार्थी



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न फिरू लागतो. "तुझ्या पोराला किती पडले?" उत्तर मिळते न मिळते तोच दुसरा प्रश्न येतो, "आणि त्याच्या पोराला?" खरे पाहता पहिल्या उत्तराला वजन येते ते दुसऱ्या उत्तराने. ८५ टक्के मिळवलेला मुलगा शेजारी ९२ टक्के मिळाले म्हणून घरात तोंड लपवून बसतो. तोच मुलगा शेजारी ७० टक्के असते तर पेढे वाटत फिरला असता. त्याचा अभ्यास तोच आहे आणि त्याची बुद्धीही तीच आहे. बदलला तो फक्त शेजारी.

ही सवय घरापुरती राहती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ती प्रवेशाच्या खोलीत, मुलाखतीच्या टेबलाशी आणि शिष्यवृत्तीच्या यादीतही जाऊन बसते. आणि मी स्वतः त्या टेबलाशी बसून तिच्या आहारी गेलो आहे, म्हणून हे लिहितो.

सातारा-सांगली भागातील आपले एक छोटे मंडळ बारावीनंतर शिकू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थ्याला दरवर्षी तीन वर्षांची आर्थिक मदत देते. पैसा वर्गणीचा आहे आणि म्हणून मदत एकालाच देता येते. गेल्या वर्षी ११ अर्ज आले. परीक्षक आम्ही तिघे होतो आणि मुलाखती साताऱ्यात ठेवल्या होत्या. प्रत्येक अर्जासोबत गुणपत्रक आणि 'मला काय शिकायचे आहे' या विषयावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेला निबंध मागवला होता. निबंधाला १० गुण आणि मुलाखतीला १० गुण होते.

सातव्या क्रमांकाला सांगली शहरातील एक मुलगी आली. तिला ९४ टक्के होते. वडील बँकेत नोकरीला, शाळा इंग्रजी माध्यमाची. तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तर दिलीच, पण न विचारलेल्या प्रश्नांचीही दिली. आम्ही तिघेही खूष झालो. आपल्या समाजाची मुलगी अशी बोलते हे पाहून माझी तर छाती भरून आली. तिला मी ९ गुण दिले.

आठव्या क्रमांकाला जत तालुक्यातील एक मुलगा आला. जतहून सांगली, सांगलीहून सातारा अशा एस.टी. बदलत तो पहाटे निघून आला होता. त्याला ६८ टक्के होते. आई-वडील दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर ऊसतोडीला कृष्णाकाठी येतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्याच्या मराठीत कन्नड मिसळलेले होते, जसे त्या भागात असतेच. प्रश्न विचारला की तो थोडा थांबे आणि मग उत्तर देई. उत्तरे चुकीची नव्हती. परंतु कानात अजून त्या मुलीचे बोलणे घुमत होते आणि त्याचे ते थांबणे मला अडखळणे वाटले. त्याला मी ४ गुण दिले.

रात्री मुक्कामाला साताऱ्यातच होतो. झोप येईना म्हणून कागद पुन्हा चाळले. तेव्हा ध्यानात आले की सहाव्या क्रमांकाचा मुलगाही असाच बोलला होता, किंबहुना याच्याहून कमी बोलला होता, आणि त्याला मी ६ गुण दिले होते. कारण त्याच्या आधी आलेला विद्यार्थी काहीच बोलला नव्हता! म्हणजे मी दिलेले गुण त्या मुलांचे नव्हतेच. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर कोण बसून गेले, याचे ते गुण होते.

एक हात गरम पाण्यात आणि एक हात थंड पाण्यात ठेवा, आणि मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्याच्या घागरीत घाला. एक हात सांगेल पाणी गार आहे आणि दुसरा सांगेल ऊन आहे. घागर एकच आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगावे लागणार नाही. उत्तम मालाच्या ढिगाशेजारी मध्यम माल लागला की तो हलका दिसू लागतो, आणि त्यात त्या शेतकऱ्याचा काहीही अपराध नसतो. आम्हा शिक्षकांना तर हा अनुभव दरवर्षी उत्तरपत्रिका तपासताना येतो. एखादी सुरेख पत्रिका हातावेगळी केली की पुढच्या बापड्याची धडगत नसते.

ही केवळ खेड्यातल्या मास्तरांची दुर्बलता आहे असे समजू नका. अमेरिकेत व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या १० वर्षांतील ९००० हून अधिक मुलाखतींच्या गुणांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की मुलाखत घेणाऱ्याने एकाच दिवशी आधीच्या काही अर्जदारांना वरचे गुण दिले असतील, तर त्याच दिवशी पुढे येणाऱ्याचे गुण घसरतात. जणू त्या दिवसापुरता चांगल्या गुणांचा साठा संपत आलेला असतो. ही माणसे शिकलेली होती आणि निवड करणे हाच त्यांचा व्यवसाय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रतापसिंह हायस्कूलसमोर जाऊन उभा राहिलो. या शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, हे तुमच्या मुलांना ठाऊक असेलच. या साताऱ्यातच तो मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, आणि शिपाई नसला तर पाणीही नसे. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मला त्या सकाळी वाटले की गुणपत्रकावर विषयांचे रकाने असतात, पण पाण्याचा रकाना नसतो.

पुढे १९०७ साली मुंबईत तोच मुलगा मॅट्रिक झाला. चरित्रकारांनी त्याचे गुण नोंदवले आहेत. ७५० पैकी २८२. शेकडा ३८ सुद्धा भरत नाहीत. (हा आकडा आपली काही मुले आजकाल अभ्यास न करण्याच्या समर्थनार्थ वापरतात. त्यांना सांगावे की ती परीक्षा मुंबई विद्यापीठाची होती, तेव्हाचे गुण आणि आजचे गुण एका तराजूत घालणे ही आणखी एक खोटी तुलना आहे.) त्याला संस्कृत शिकावयाचे होते, ते शिकू दिले गेले नाही म्हणून तो पर्शियन शिकला. परळच्या चाळीत एका खोलीत सगळ्या कुटुंबाचा संसार होता.

आता असे समजा की त्या वर्षी मॅट्रिक झालेल्या सर्व मुलांची गुणानुक्रमे यादी लावून वरची पाच नावे घेतली असती, तर २८२ गुणांचा मुलगा कुठे असता? पण कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी यादी पाहिली नव्हती. त्यांनी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला मुलगा पाहिला होता. तो रोज येतो, काय वाचतो आणि किती वेळ वाचतो हे पाहिले होते. त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली त्याच बडोदे संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्याला कोलंबिया विद्यापीठात पाठवले. पुढचे तुम्हांस माहीत आहे.

केळुसकर गुरुजींनी जे केले त्याचे तत्त्व बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या निबंधात मांडले आहे. माणसाची कर्तबगारी तीन गोष्टींवर अवलंबून असते असे ते म्हणतात. एक, शरीराने मिळालेला वारसा. दुसरी, समाजाने आणि आई-बापांनी दिलेली शिदोरी, म्हणजे शिक्षण, संस्कार, ओळखीपाळखी, पैसा. आणि तिसरी, त्याचा स्वतःचा प्रयत्न. या तिन्हींत माणसे असमान असतात हे ते मान्य करतात. परंतु ज्यांना जन्माची, घराण्याची आणि पैशाची अनुकूलता आहे त्यांच्याशी इतरांची शर्यत लावली, तर ती निवड लायकांची होणार नाही, सुदैवी लोकांची होईल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हे पान मी अनेकदा वर्गात समजावून सांगितले आहे. आणि तरीही मुलाखतीच्या टेबलाशी मी विसरलो! त्या मुलीच्या ९४ मध्ये दुसऱ्या गोष्टीचा वाटा किती आणि या मुलाच्या ६८ मध्ये तिसऱ्या गोष्टीचा वाटा किती, हा हिशेब मी केलाच नाही. त्याच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर लिहिले होते की आई आजारी पडल्यामुळे पूर्वपरीक्षेआधीचा दीड महिना तो स्वतः कोयता घेऊन फडात उभा होता. ते पान मी रात्री वाचले.

न्यायालयांनीही या प्रश्नाला हात घातला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते, आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांत, वडील कोण, राहता कुठे, एवढ्यावर उरकत असे. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीचा हा वाटा मनमानी ठरवला. १९८५ सालच्या वसंतकुमार खटल्यात न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी विचारले की घरात पुस्तक नाही, मदतीला कोणी नाही, अशा मुलाने ४० किंवा ५० टक्के मिळवले तर ती गुणवत्ता नव्हे काय? हे आपल्या बाजूचे निकाल आहेत आणि आपण ते अभिमानाने सांगतो. पण ते सांगताना आपल्या डोळ्यांसमोर परीक्षक म्हणून नेहमी दुसरेच कोणी तरी असते.

येथे मला अधिक अवघड गोष्टीकडे वळले पाहिजे. ती लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला.

त्या मुलाचा निबंध मी मराठीचा शिक्षक म्हणून तपासला होता. त्यात एक परिच्छेद होता. आई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते तेव्हा ती फळी किती वाकते, आणि खाली उभा राहून तो मनातल्या मनात त्या वजनाचा अंदाज कसा करी, आणि पुढे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तेच गणित दिसल्यावर त्याला काय वाटले, असे त्याने लिहिले होते. वाचता वाचता मी थांबलो. असे वाक्य मला कधी सुचले नाही, हा पहिला विचार माझ्या मनात आला. दुसरा विचार आला की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार आहेत. आणि मी १० पैकी ५ गुण दिले.

आज मला त्या दुसऱ्या विचाराची शंका येते. माणदेशातील माझ्या वस्तीत पहिला पदवीधर मी. 'सर' म्हणून ज्याला हाक मारतात असा पहिला माणूस मी. जो माणूस पहिला असतो त्याला दुसऱ्याची फार वाट पाहावीशी वाटत नाही, विशेषतः तो दुसरा त्याच्याच विषयात पुढे जाण्याची चिन्हे दिसत असतील तर. स्टीफन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली नेमके हेच दाखवून दिले. ज्या गुणावर आपली प्रतिष्ठा उभी आहे त्याच गुणात आपल्याहून सरस ठरेल अशा उमेदवाराची शिफारस करण्यास माणूस कचरतो. अन्य एखाद्या गुणात तो सरस असला तर मात्र खुशाल शिफारस करतो. त्या मुलीचे इंग्रजी माझ्या कितीतरी पुढचे होते आणि मला त्याचा आनंदच झाला. कारण इंग्रजीवर माझी प्रतिष्ठा उभी नाही.

याहून बोचणारी गोष्ट भारतातच दिसून आली. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी मुलांची एक परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिकांवर मुलांची जात, वय इत्यादी माहिती चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे कोणतीही कोणावरही लिहिली. मग शिक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 'खालची' जात लिहिलेल्या पत्रिकांना थोडे कमी गुण मिळालेले आढळले. येथपर्यंत तुम्हांला नवल वाटणार नाही. परंतु ते गुण कमी करणारे शिक्षक मुख्यतः त्याच 'खालच्या' मानलेल्या जातींतले होते! वरच्या जातींतील शिक्षकांच्या तपासणीत हा भेद दिसला नाही. फरक लहान होता आणि एका परीक्षेवरून साऱ्या देशाविषयी बोलू नये, हे मी जाणतो. म्हणून कोणी याचा अर्थ असा काढू नये की सवर्णांचा पक्षपात संपला. पण मी तो निष्कर्ष वाचला तेव्हा मला त्या ५ गुणांची आठवण झाली.

धम्मात या वृत्तीला एक नाव आहे. ते नाव 'मान'. बाहेरच्या जगात मान म्हणजे प्रतिष्ठा, आपल्या परंपरेत मात्र ती एक बेडी आहे. दहा संयोजनांपैकी ती एक आहे आणि अर्हत होईपर्यंत सुटत नाही असे सांगितले आहे. मी श्रेष्ठ आहे असे मानणे हा मान आहे, हे कोणालाही पटेल. मी हीन आहे असे मानणे हाही मान आहे, हे थोडा विचार केल्यावर पटते. परंतु तथागतांनी तिसरा प्रकारही सांगितला आहे. मी बरोबरीचा आहे असे मानणे, हाही मानच.

धम्मदीक्षेनंतर मी हे प्रथम वाचले तेव्हा मला राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. पिढ्यान् पिढ्या ज्यांना हीन म्हटले गेले, त्यांनी नुकतेच कोठे 'आम्ही बरोबरीचे आहोत' असे म्हणावयास सुरुवात केली, तर तोही दोषच? मग समतेचा लढा कशासाठी? पुष्कळ दिवसांनी मला याचे उत्तर सापडले असे वाटते. तुम्हांला पटते का ते पाहा. समता ही मोजून सिद्ध करावयाची गोष्ट नाही. मोजून सिद्ध होणारी समता दुसऱ्या मोजणीत जाईल. मी माणूस आहे म्हणून पाण्यावर माझा हक्क आहे. शेजारच्याइतकी मला तहान लागते हे दाखवून तो हक्क मिळवावा लागत नाही. ज्याला हे कळले तो शेजारच्या खुर्चीकडे न बघता समोरच्या मुलाकडे बघू शकतो. ज्याला कळले नाही त्याची मान सारखी वळत राहते, वरच्याकडे मत्सराने आणि खालच्याकडे तुच्छतेने.

चुल्लपंथकाची गोष्ट तुम्ही विहारात ऐकली असेल. तो आणि त्याचा थोरला भाऊ महापंथक दोघेही संघात होते. थोरला कुशाग्र. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्याने, म्हणजे सख्ख्या भावाने, त्याला सांगितले की तू घरी जा, तुझे येथे काम नाही. तो रडत निघाला. तेव्हा भगवंतांनी त्याला थांबवले. गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ते हाताने चोळत राहावयास सांगितले. चोळता चोळता ते मळले, आणि वस्तू कशी बदलते हे त्याला हाताने कळले. अट्ठकथेत पुढे काही चमत्कारही आहेत, ते आपण बाजूला ठेवू. मला या गोष्टीत थोरला भाऊ महत्त्वाचा वाटतो. तो दुष्ट नव्हता. त्याने धाकट्याला आपल्या मापाने मोजले, एवढेच. आपल्या घरांत असे किती चुल्लपंथक रडत बसले आहेत आणि त्यांना "भावाकडे बघून शीक" असे सांगणारे आपणच असतो, याचा विचार आई-वडिलांनी करावा.

त्या मुलाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मदत त्या मुलीला मिळाली. निर्णय जाहीर झाला होता आणि तो फिरवणे तिच्यावर अन्याय झाला असता, कारण तिने काही चोरले नव्हते. मी त्याला फोन केला आणि माझ्याकडून चूक झाली असे सांगितले. तो थोडा वेळ थांबला. हे त्याचे थांबणे आता मला ओळखीचे झाले होते. मग म्हणाला, "असू द्या सर, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतो की." एका वर्षाची किंमत त्याने इतक्या सहज सोडून दिली, याचे मला अजून वाईट वाटते.

या वर्षी मी मंडळापुढे काही गोष्टी मांडल्या. अर्ज उघडण्यापूर्वी आपण कशाला किती गुण देणार ते लिहून ठेवावे. निबंधावरचे नाव आणि गाव पट्टी लावून झाकावे. एक फेरी झाली की क्रम उलटा करून सगळे कागद पुन्हा वाचावेत. तिघांनी एकमेकांशी बोलण्यापूर्वी आपापले गुण लिहावेत. आमचे एक ज्येष्ठ उपासक टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, मदत एकाला आणि अर्ज अकरा. शेवटी एकमेकांशेजारी ठेवून बघावंच लागणार. मग तुलना टळली कुठं?" त्यांचे म्हणणे खरे होते. मी म्हणालो, "तात्या, टळत नाही. पण प्रत्येकाला आधी त्याच्या मापाने मोजून मग शेजारी ठेवता येईल." तात्यांना ते पुरते पटले असे दिसले नाही, परंतु त्यांनी पट्ट्या कापण्यास कात्री मात्र आणून दिली.

यंदा १४ निबंध आले आहेत. गठ्ठा माझ्या टेबलावर आहे. नावे झाकलेली आहेत. पण एका निबंधाचे अक्षर आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी पहिल्या दोन ओळींतच ओळखले. तो निबंध मी पुढे न वाचता दुसऱ्या परीक्षकांकडे पाठवून दिला आहे.